काश्मीर टूर: जेवणाला पैकीच्या पैकी, पत्रकातल्या हवामानाला नापास

आधी गुण देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. जेवण पाचपैकी पाच. टूर मॅनेजर पाचपैकी पाच. हाउसबोट चार, हॉटेलं तीन. आणि ज्या पत्रकावर विसंबून माणूस पैसे भरतो त्या पत्रकाला पाचपैकी एक. तो एक गुणही कागद गुळगुळीत होता म्हणून.

कंपनी सोलापुरातलीच. नाव लिहीत नाही, कारण दोष एकट्या तिचा नाही. बुकिंगच्या आधी मी बऱ्याच ठिकाणची पत्रकं आणून जेवणाच्या टेबलावर मांडली होती. फोटो तेच, मजकूरही जवळपास तोच, फक्त फोन नंबर वेगळे. तेव्हा जे लिहितोय ते कुठल्याही कंपनीचं काश्मीर घेताना उपयोगी पडावं.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो की नोकरी तहसील कचेरीत झाली आणि त्यातली बरीच वर्षं पावसाच्या नोंदींच्या टेबलावर गेली. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजपात्रात ओतायचं, आकडा टिपायचा, मंडळनिहाय तक्ता करून जिल्ह्याला कळवायचा. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. कोणी 'काल मस्त पाऊस झाला' म्हणालं की माझ्या तोंडून 'किती मिलिमीटर?' निघतंच. घरचे याला विटलेत.

तर पत्रक. मार्चअखेरची बॅच. वरच्या बाजूला गुडघाभर बर्फातलं गुलमर्ग, खाली लाल-पिवळ्या ट्यूलिपचे पट्टे, मध्ये मोठ्या अक्षरांत 'बर्फ आणि ट्यूलिप एकाच टूरमध्ये!' मागच्या पानावर 'सोबत काय आणावे' अशी यादी: स्वेटर, कानटोपी, हातमोजे, गॉगल, सनस्क्रीन, औषधं, आधारकार्ड. छत्री नाही, रेनकोट नाही. मी ऑफिसात विचारलं, पावसाचं काय? काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "काका, मार्चमध्ये कुठला पाऊस? पाऊस जूनला."

तिचं चुकतं असं सोलापुरात कोण म्हणेल? आपला पाऊस जूनला तोंड दाखवतो, जुलै-ऑगस्टमध्ये हूल देतो आणि खरा पडतो सप्टेंबरात. मार्च म्हणजे आपल्याकडे माठ बाहेर काढायचा महिना. पण काश्मीर खोऱ्याचं वेळापत्रक जवळजवळ उलटं आहे. श्रीनगरला वर्षाकाठी पाऊस आणि वितळलेला बर्फ धरून साधारण ७०० मिलिमीटर पडतं. आकडा आपल्यापेक्षा फार वेगळा नाही, पण पडायची वेळ निराळी. तिथला सगळ्यात ओला महिना मार्च, १०० मिलिमीटरच्या आसपास. त्याच्या पाठोपाठ एप्रिल. म्हणजे ज्या आठवड्यात कंपनीने गॉगल आणायला सांगितलं होतं, तो आठवडा ऐन पावसाळ्यातला.

कारणही समजून घेण्यासारखं आहे. आपला पाऊस समुद्रावरून नैऋत्येकडून येतो. तो काश्मीरकडे निघतोही, पण खोऱ्याच्या दक्षिणेला पीर पंजालची भिंत उभी आहे. ढग अलीकडेच रिकामे होतात, पलीकडे शिल्लक राहिलेलं जातं. सह्याद्री आपल्याला जसं पर्जन्यछायेत ठेवतो तसंच हे. महाबळेश्वर भिजून चिंब आणि सोलापूर कोरडं, हे आपण जन्मापासून पाहतो. काश्मीरचं पाणी येतं पश्चिमेकडून. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेली कमी दाबाची क्षेत्रं वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिवाळ्यात एकामागोमाग येत राहतात. बातम्यांत ज्याला पश्चिमी विक्षोभ म्हणतात तो हाच. डिसेंबर ते फेब्रुवारीत तो आला की खोऱ्यात बर्फ, मार्च-एप्रिलमध्ये आला की खाली पाऊस आणि वर डोंगरावर बर्फ. बहुतेक वेळा येतो आणि दोन-तीन दिवस मुक्काम करून जातो.

मी आमच्या दोघांच्या छत्र्या आणि रेनकोट बॅगेत सगळ्यात वर ठेवले. पुण्याला जाताना बसमध्ये त्यावरून भरपूर चेष्टा झाली. अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना असलेले एक अण्णा होते, ते म्हणाले, "साहेब, तिकडं बर्फ झेलायला छत्री धरणार का?" मी म्हटलं, बघू.

श्रीनगरला उतरलो तेव्हा रिमझिम चालू होती. ती संध्याकाळी वाढली आणि रात्रभर हाउसबोटच्या लाकडी छतावर वाजत राहिली. आता इथे माझी खोड. आक्काने शेंगाचटणी एका सरळ कडांच्या स्टीलच्या डब्यात भरून दिली होती. चटणी संपत आलेली, उरलेली पिशवीत काढली, डबा धुतला आणि हाउसबोटच्या मागच्या उघड्या फळीवर, छपराची धार लागणार नाही अशा जागी, दोन विटांच्या मध्ये ठेवून दिला. डबा वर निमुळता नसेल, कडा सरळ असतील, तर आत साठलेल्या पाण्याची उंची हाच पाऊस. त्याला कुठलं यंत्र लागत नाही. सकाळी साडेआठला नातवाच्या कंपासमधली पट्टी आत बुडवली. १९ मिलिमीटर. पाण्यावर चटणीच्या तेलाचा बारीक तवंग होता, तो पट्टीला चिकटला. आपल्याकडे एका रात्रीत एवढं पडलं की लोक पेरणीची भाषा सुरू करतात.

हाउसबोटवाले चाचा कहवा घेऊन आले आणि माझा उद्योग बघत थांबले. त्यांना मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, या दिवसांत असंच असतं, घाबरण्यासारखं सप्टेंबर २०१४ ला होतं. श्रीनगरातल्या राजबाग भागात त्यांच्या बहिणीच्या घराचा अख्खा खालचा मजला पाण्यात होता. त्या वेळी मान्सूनची आर्द्रता आणि पश्चिमेकडून आलेला विक्षोभ हे दोघं जम्मू-काश्मीरवर एकत्र गाठ पडले, पाऊस दिवसचे दिवस थांबला नाही आणि झेलम श्रीनगरात शिरली. एरवी सप्टेंबर तिथला कोरड्यातला महिना. म्हणून हे वेळापत्रक काय दगडावरची रेघ नाही. पण टूर विकणाऱ्याने निदान नेहमीचं काय ते तरी सांगावं, अपवाद राहू द्या.

ट्यूलिप बागेचा दिवस पावसातच गेला. ही बाग २००७ पासूनची, झबरवान डोंगराच्या उतारावर, दल सरोवराच्या अंगाला. लाखो कंद लावलेले असतात आणि सगळा हंगाम मार्चअखेर ते एप्रिलचा तिसरा आठवडा एवढाच. म्हणजे ट्यूलिप पाहायचे तर पावसाच्या महिन्यातच जावं लागतं, त्याला इलाज नाही. पण ट्यूलिपला ऊन आणि ऊब लागते. ढगाळ गारठ्यात फूल पाकळ्या मिटून घेतं. आम्ही पाहिले ते सगळे मिटलेले, देठावर उभे, टोकाला पाण्याचा थेंब. मला आवडले, खरं सांगतो. मिटलेल्या लाल पाकळीवर बाहेरून हिरवट शीर दिसते, ती उघडलेल्या फुलात लक्षात येत नाही. पण बाकीच्या मंडळींना पत्रकातला फोटो हवा होता आणि तो मिळाला नाही. ग्रुपमधल्या बायका नऊवारी नेसून फोटो काढणार होत्या. पदर भिजून जड झाला, त्यावर स्वेटर, स्वेटरवर माझा जादाचा रेनकोट. तो फोटो मात्र झकास आला आहे.

दुसऱ्या दिवशी गुलमर्ग. हा दिवस मला शाळेतल्या सगळ्या भूगोलापेक्षा जास्त शिकवून गेला. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५८५ मीटरवर, गुलमर्ग सुमारे २,६५० वर. हजारभर मीटरचा फरक. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण सहा-सात अंशांनी उतरतं. श्रीनगरला सकाळी सात-आठ अंश होते, त्यातून सहा-सात वजा करा. तंगमर्गला गमबूट आणि लांब कोट भाड्याने घ्यायला थांबलो तेव्हा धो धो पाऊस. तिथून गुलमर्ग १३ किलोमीटर, सगळा चढ, देवदाराच्या झाडीतून. मी ड्रायव्हरच्या शेजारी बसलो होतो. काही वळणं चढून गेल्यावर काचेवरच्या थेंबांचा आवाज बदलला. टपटप होतं ते थपथप झालं. थेंब काचेवर आपटून पळेनात, चिकटून बसायला लागले, मधे पांढरट, कडेला पाणी. वायपर त्यांना खाली ढकलायचा आणि खाली त्यांचा लगदा साठायचा. आणखी थोडं वर गेलो आणि आवाजच बंद झाला. काचेसमोर सगळं पांढरं, हलकं, तिरकं येत होतं. ढग तोच, पाणी तेच. फक्त आम्ही वर चढलो होतो. मागे बसमध्ये एकच गलका झाला, टॉवेलवाले अण्णा तर सीटवर उभे राहिले.

तर बर्फ मिळाला का? मिळाला, पडतानाही पाहायला मिळाला. पण पत्रकातला भुसभुशीत कोरडा बर्फ जानेवारी-फेब्रुवारीचा असतो. मार्चअखेरचा बर्फ ओला, जड, वरून पडतोय आणि खालून वितळतोय. पाय घोट्यापर्यंत गार पाण्यात. तंगमर्गला भाड्याने मिळालेल्या गमबुटांपैकी बरेच आतून आधीच ओले होते, तेव्हा पाय घालण्यापूर्वी हात घालून बघा. मोज्यांचा एक जोड जास्तीचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत, हे यादीत पहिल्या नंबरला हवं. अण्णांनी तिथेच पातळ प्लॅस्टिकचा रेनकोट घेतला, तो गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या केबल कारच्या, रांगेत पोहोचेपर्यंत बगलेत फाटला. म्हणाले, "सोलापुरात पाऊस नाही म्हणून बोंब मारायची आणि इथं पैसे देऊन भिजायचं!"

गोंडोलाचे दोन टप्पे. पहिला कोंगडूरीपर्यंत, तो चालू होता. दुसरा अफरवट शिखराच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्याही वर नेतो. तो वाऱ्यामुळे बंद. यात कोणाचा दोष नाही. वारा सुटला किंवा ताजा बर्फ जास्त पडला की दुसरा टप्पा बंद ठेवतात, आणि ठेवायलाच हवा, वर हिमकडे कोसळतात. पण पत्रकात 'अफरवट शिखर समाविष्ट' असं बिनशर्त छापलं होतं. 'हवामान अनुकूल असल्यास' हे तीन शब्द छापायला किती शाई लागते? त्या टप्प्याचे पैसे परत मिळायला सोलापुरात आल्यावर मला ऑफिसच्या चकरा माराव्या लागल्या. मिळाले, पण ज्यांनी मागितले त्यांनाच. बाकीच्यांना कोणी फोन करून सांगितलं नाही. या वागण्याचा गुण मी पत्रकातूनच कापला आहे.

मॅनेजर मुलगा मात्र गुणी. त्या दिवशी सगळी ओली मंडळी हॉटेलात परतली तेव्हा त्याने आधीच फोन करून खोल्यांत इलेक्ट्रिक ब्लँकेट लावून ठेवायला सांगितलं होतं. आचारी सोलापूरहूनच सोबत आलेला. त्याने पिठलं, गरम भात आणि लसणाचा ठेचा असा बेत केला, आणि सोबत बांधून नेलेल्या कडक भाकऱ्या. बाहेर पाऊस, आत पिठलं-भाकरी. त्या जेवणाला मी पाचच्या वर गुण दिले असते. काश्मिरी जेवण चाखायचं असेल तर वेगळं सांगावं लागतं, कार्यक्रमात नाही. हॉटेलच्या खोल्यांत खिडकीच्या फटीतून वारा येत होता, मी तिथे आपली सोलापुरी चादर घडी करून कोंबली. हॉटेलं तीन गुणांची का, ते यावरून कळावं.

पहलगामला एक दिवस ऊन पडलं. बेताब व्हॅली, लिद्दरचं पाणी, सगळं छान, त्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलं आहे.

आता मुद्द्याचं. येताना विमानात मी मॅनेजरला विचारलं, जानेवारीची बॅच का नाही काढत? खरा बर्फ तर तेव्हा. तो म्हणाला, "काका, गड्ड्याच्या यात्रेत सोलापूर सोडून कोण येतंय? आणि नंतर पोरांच्या परीक्षा." पटलं. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज निघतात तेव्हा माणूस गावात हवा. म्हणजे बॅच ठरते सोलापूरच्या सोयीने, फोटो छापले जातात काश्मीरच्या दुसऱ्याच महिन्याचे. गोम इथेच आहे.

शिवाय जानेवारीतही बर्फ मिळेलच असं नाही. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस तिथे चिल्लाई कलान, थंडीचा सगळ्यात कडक काळ. त्यानंतर वीस दिवस चिल्लाई खुर्द आणि मग दहा दिवस चिल्लाई बच्चा. डिसेंबर २०२४ मध्ये श्रीनगरचा पारा उणे ८.५ पर्यंत गेला होता. नळातलं पाणी गोठतं, दलच्या कडेला बर्फाची साय धरते. पण थंडी असली म्हणजे बर्फ असतो असं नव्हे. विक्षोभ आला नाही तर नुसती कोरडी थंडी. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या उतारांवर महिन्याचा मोठा भाग पिवळं गवत दिसत होतं, बर्फ आला तो महिना सरताना. २०२५ मध्ये तर गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फ कमी म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. आणि येतो तेव्हा असा येतो की डिसेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात महामार्ग बंद, विमानं रद्द, पर्यटक रस्त्यात अडकलेले. स्थानिक लोकांनी घरं आणि मशिदीही उघडून दिल्या. तेव्हा जो कोणी 'हमखास बर्फ' छापतो त्याला विचारा, हमी कोणाची.

मे महिन्यात जाणाऱ्यांची संख्या आपल्याकडे सगळ्यात मोठी, शाळेला सुट्टी आणि सोलापुरात ४३ अंश. गारव्यासाठी जात असाल तर मे उत्तम, पाऊसही मार्चपेक्षा कमी. पण खोऱ्यात बर्फ नसतो. तो अफरवटला वर, सोनमर्गच्या थाजीवास हिमनदीवर, नाहीतर झोजी ला ही खिंड ओलांडून झिरो पॉइंटला. झोजी ला ३,५२८ मीटरवर, तिथली गाडी वेगळी करावी लागते, खर्च टूरमध्ये धरला आहे का ते आधी विचारा. जुलैत गारवाही गृहीत धरू नका. ५ जुलै २०२५ ला श्रीनगरात ३७.४ अंश नोंदले गेले. जुलै-ऑगस्टमध्ये खोऱ्यात पाऊस मधूनमधून, सरीचा, पण रस्त्याने जम्मूकडून जाणार असाल तर रामबन-बनिहालच्या पट्ट्यात दरडी कोसळतात. आता कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वे सुरू झाली आहे, जून २०२५ पासून, तो पर्याय बरा.

माझ्या मते आपल्या वयाच्या लोकांनी घ्यावी ती ऑक्टोबरची बॅच. ऑक्टोबर-नोव्हेंबर खोऱ्यातले सगळ्यात कोरडे महिने, ३० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. चिनारच्या झाडांची पानं लाल होतात, सफरचंदाची तोडणी चालू असते, आकाश स्वच्छ असतं, गोंडोलाचा दुसरा टप्पा बंद पडायची शक्यता कमी. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कधीतरी दगा होतो. २०१८ आणि २०१९, दोन्ही वर्षी तेव्हा अवेळी बर्फ पडून सफरचंदाच्या फांद्या मोडल्या, झाडांवर पानं होती म्हणून बर्फ साठला. बागाईतदारांचं मोठं नुकसान झालं. आपल्याकडे द्राक्षावर गारा पडल्यावर काय होतं ते माहीत असणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

या कंपनीने ऑक्टोबर बॅच या वर्षी जाहीर केली आहे. पत्रक पाहिलं, वर पुन्हा तोच गुडघाभर बर्फातला गुलमर्गचा फोटो. तरीही जेवण आणि मॅनेजर हेच असतील तर पैसे भरायला हरकत नाही, फक्त गोंडोलाच्या परताव्याचं पावतीवर लिहून घ्या. आणि महिनाअखेरीला जाणार असाल तर पहलगामच्या वाटेवर पांपोरला गाडी थांबवायला निघण्याआधीच सांगून ठेवा. तेव्हा केशराची फुलं शेतात असतात, वेचणी सकाळी लवकर होते आणि कार्यक्रमपत्रिकेत हा थांबा नाही.